भाग न घेता?

परवा नात्यातल्या एका पंचाहत्तरीला गेले होते. (कोणाच्या ते लिहीत नाही, घरचे वाचक ओळखतीलच!) सत्काराला उत्तर देताना काका म्हणाले, "आमची ही म्हणजे कॅटॅलिस्ट हो. स्वतः कशात भाग न घेता माझं सगळं तडीला नेलं." टाळ्या पडल्या. काकू तेव्हा मसालेभात पुरेल ना, ते बघत होती. माझी चिडचिड झाली, आणि खरं सांगते, आधी रसायनशास्त्राच्या बाजूने झाली.

'अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग बदलतो तो उत्प्रेरक' ही आपण घोकलेली व्याख्या. पोटॅशियम क्लोरेटमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड घालून तापवायचं. ऑक्सिजन भराभर येतो, पूड शेवटी वजनाला तेवढीच. वजन तेवढंच, म्हणजे तिने काही केलंच नाही! बर्झेलियसने १८३५ साली हा शब्द काढला तेव्हा आत काय चालतं ते कोणाला दिसत नव्हतं. त्याला माफ. आपल्याला का?

अमोनिया बनवताना लोखंड वापरतात, तेच बघा. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर बसतो, ती पकड सैलावते, अणू सुटे होतात आणि लोखंड त्यांना धरून ठेवतं. हायड्रोजनचेही तसेच. मग नायट्रोजनला एकेक करून तीन हायड्रोजन चिकटले की अमोनिया उडून जातो, जागा पुढच्यासाठी मोकळी. गेरहार्ड एर्टल यांनी हे टप्प्याटप्प्याने उलगडलं, २००७ चं नोबेल मिळालं त्यांना. म्हणजे लोखंड भाग घेतं, चांगला घसघशीत घेतं. फक्त शेवटी सोडून देतं. नीट धरलं नाही तर काम होत नाही, आणि फार घट्ट धरलं तर जागा अडून बसते. सोडणं हाही कामाचाच भाग.

शिवाय उत्प्रेरकाला विषबाधा होते. या लोखंडाला गंधक बाधतं. मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमला पेट्रोलमधलं शिसं बाधायचं, म्हणून तर १९९५ पासून महानगरांत नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. काहीच न करणाऱ्याला विष बाधेल कशाला?

काकांच्या बाजूचंही एक सांगते. जी अभिक्रिया मुळात होण्याजोगीच नाही, ती उत्प्रेरक घडवू शकत नाही. तो कमी चढाची वाट देतो, इतकंच. तेव्हा त्यांचं श्रेय त्यांच्यापाशी आहेच.

पंगतीत हे सगळं मी दोघांना ऐकवलं. काका म्हणाले, "अगं, मी कौतुकच करत होतो की!" काकू वाढता वाढता थांबली. म्हणाली, "ते विषबाधेचं पुन्हा सांग जरा."