टाकाऊ कोणाचं?

रद्दी भिजवायची, लगदा करायचा, डिंक घालून घुबड घडवायचं, खाली ‘टाकाऊतून टिकाऊ’ लिहायचं, की रील तयार. घुबड छान असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ‘टाकाऊ’ या शब्दाबद्दल. मुंबई-पुण्यात तो खपेल. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून कागदाला टाकाऊ म्हणायला कातडी जरा जाडच लागते.

बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ची. तिची भूक या जंगलांतल्या बांबूवर भागली. गिरणीचे ट्रक बिनबोभाट जायचे. बांबू ज्यांच्या गावशिवारात उगवतो त्यांनी तो विकायला बाहेर काढला की परवान्याचा प्रश्न. कारण १९२७च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवलं होतं. (वनस्पतिशास्त्रात ते गवत. पण वनखात्याला वनस्पतिशास्त्र कोण शिकवणार?) २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज झाला. २००९मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही आपलाच बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

हे सगळं त्या लगद्यात आहे. शिल्पकार मात्र म्हणतो, मी कचऱ्याला अर्थ दिला. अर्थ आधीपासून होता, दादा. तो तोडणाऱ्याच्या मजुरीत होता.

आणि तंत्र तरी नवं कुठे आहे? रद्दी आणि मेथ्या एकत्र भिजवून, कुटून, पालथ्या भांड्यावर थापून आपल्याकडच्या म्हाताऱ्या टोपल्या करत आल्या. उन्हात वाळवायच्या, त्यात धान्य भरायचं. मेथीमुळे लगदा चिकटतो आणि किडे दूर राहतात, हे त्यांना कुणी कार्यशाळेत शिकवलं नव्हतं. तोच लगदा दालनात गेला की शिल्प, पडवीत राहिला की टोपली. बुरडाच्या सुपाचंही तेच: बाजारात भाव पाडून घेणार आणि प्रदर्शनात त्याच विणीला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणणार.

कागदाची शिल्पं करू नका, असं मी म्हणत नाही. करा, विका, चांगला भाव घ्या. पण घुबडाखाली ती पाटी लावण्याआधी बल्लारपूरला एकदा जा, मग मेंढ्याला. टोपली करणारी आजी भेटली तर तिला कार्यशाळा घ्यायला बोलवा, आणि मानधन तुमच्याइतकंच द्या.