हाती येण्यापूर्वीच कर?

निवृत्तीसाठी साठविलेल्या पैशावर कर केव्हा घ्यावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. भविष्यनिर्वाह निधीत पै-पै साठविणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला हे वेगळे सांगावयास नको. खात्यावर व्याज जमा झाले म्हणजे ते खर्चावयास मिळाले, असे होत नाही. परदेशात उमेदीची वर्षे घालवून स्वदेशी परतणाऱ्यांपुढे हाच प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहतो.

अमेरिकेतील ‘४०१ (के)’ खात्यातील वाढीवर तेथे दरवर्षी कर पडत नाही. तो सामान्यतः रक्कम काढताना पडतो. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी पैसे काढल्यास बहुधा आणखी १० टक्क्यांचा भुर्दंड बसतो. उलट, भारतात पूर्णार्थाने रहिवासी ठरलेल्याचे जगभरचे उत्पन्न येथे करपात्र असते. दीर्घकाळानंतर परतणाऱ्यास आरंभीची दोन-तीन वर्षे कायद्याचा आडोसा लाभतो. तो सरला, की हाती न आलेल्या वाढीवरही कर देण्याची पाळी येई. पुढे रक्कम काढताना तिकडचा कर निराळाच! दोन्ही करांची वर्षे भिन्न असल्याने एकाची वजावट दुसऱ्यात मिळणे दुरापास्त. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

२०२१ मध्ये १९६१ च्या आयकर कायद्यात ‘८९-अ’ हे कलम घालून सरकारने ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न केला, आणि २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांतील खात्यांना तो लागू केला. तेथे कर पडेल त्याच वर्षी येथेही पडावा, हे त्याचे सूत्र. २०२५ च्या नव्या कायद्यातही ते राखले आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय, परंतु अपुरे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तेथे निवृत्तिनिधीच्या उत्पन्नावर निधीतच साधारणतः १५ टक्के कर कापला जातो आणि साठीनंतर निवृत्ताने काढलेली रक्कम बहुधा करमुक्त असते. आपली सवलत मात्र रक्कम काढताना कर घेणाऱ्या देशांपुरतीच आहे. तेव्हा यादीत एक नाव वाढवून भागणार नाही. व्याख्याच व्यापक करावी लागेल. शिवाय, सवलतीसाठी विहित नमुना मुदतीत भरावा लागतो आणि एकदा स्वीकारलेला पर्याय पुढे बदलता येत नाही. नवख्या माणसावर हा भार अवाजवी आहे.

परदेशात कमावणाऱ्यांची एवढी कणव कशाला, असे कोणी विचारील. पण येथे करमाफीची मागणी नाही. करदात्यास सोयीचे होईल अशा वेळी कर घ्यावा, हे तत्त्व ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडले होते. पैसा हाती आल्यावर सरकारने आपला वाटा अवश्य घ्यावा. त्यापूर्वी मात्र नव्हे. हा न्याय खाते कोणत्या देशात आहे यावर अवलंबून असता कामा नये.