फवारणीत टाकळाही गेला

आमच्याकडे पाऊस लागला की बांधावरच्या गाजर गवतावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. आठवड्यात रान करपतं, सगळे खूश. पण पानांवरच्या बारीक लवेतलं पार्थेनिन हे विषारी द्रव्य लगेच नाहीसं होत नाही. वाळलेला पाला भिजला की ते मातीत उतरतं, पिकाची उगवण दाबतं. (पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदली गेलेली ही गाजर गवताची ब्याद उगाच टिकली नाही.)

माझा खरा राग वेगळा आहे. दाट उगवलेला टाकळा गाजर गवताला सावलीने रेटतो, आणि स्वतःच्या पाल्यातल्या द्रव्यांनीही. फवारा त्यालाही जाळतो. मग मोकळ्या मातीत आधी कोण उगवणार? हजारो बिया पेरून बसलेलं गाजर गवतच! हातमोजे घालून ते फुलोऱ्याआधी उपटा. टाकळा मात्र ठेवा. कोवळा असताना आम्ही त्याची भाजी करतो.