किर्दीपासून कोर्टापर्यंत

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरकडे दोन वाक्ये घरोघर ऐकू येतात. ‘नीटमध्ये जमलं नाही, आता बी.कॉम.ला टाकू, सोबत टॅली करंल.’ आणि ‘बी.ए.ला नाव घालू, भरतीची तयारी करंल.’ पदवी म्हणजे वेळ काढायची सोय आणि खरे शिक्षण कॉलेजाबाहेर, हे दोन्हींत गृहीत धरलेले असते. लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनियर घडवले, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्या पॅटर्नबाहेर राहिलेली मुले कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या कॉलेजांत व्यवसायाचे सॉफ्टवेअर आणि फौजदारी न्याय हे विषय पूर्ण दर्जाने, आणि शक्यतो एकत्र, शिकवले पाहिजेत असे माझे ठाम मत आहे.

विरोधक म्हणतात, टॅली हा क्लासचा विषय. तीन महिन्यांत येतो, त्याला विद्यापीठ कशाला? बटणे कुठे दाबायची ते तीन महिन्यांत येते, हे खरेच. पण लातूरच्या आडतीवर तुरीची पट्टी हातात घेऊन बघा. कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. हीच तूर दालमिलमध्ये जाऊन डाळ होते तेव्हा कराचा प्रश्न उभा राहतो. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या पाकिटावर 5 टक्के जीएसटी आला. 30 किलोच्या कट्ट्यावर नाही. डाळ तीच, मिल तीच, नोंद वेगळी. हे का, हे कळल्याशिवाय नोंद करणारा मुलगा आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेले व्हाउचर मारत बसतो. क्लास त्याला सॉफ्टवेअर शिकवतो. त्यामागचा हिशेब आणि कायदा शिकवणे हे कॉलेजचेच काम आहे.

दुसरा आक्षेप फौजदारी न्यायाबद्दल. शिपाई भरतीला बारावी पुरते, पीएसआयच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. मग हे शिकून वेगळे काय मिळणार? भरतीपुरते बोलायचे तर आक्षेप बिनचूक आहे. पण 1 जुलै 2024 पासून कायदेच बदलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. कलम 176 प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही माणसे येणार कुठून? शिवाय फौजदारी न्याय म्हणजे फक्त पोलीस नव्हे. देशाच्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी आहेत. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला सोडावे, असे कलम 479 म्हणते. ते दिवस मोजणारा, अर्ज लिहून देणारा, घरच्यांना समजावणारा माणूस हवा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत हेच काम करत आला आहे. आमच्या जिल्ह्यांना अशी माणसे नकोत का?

एकत्र का, याचे उत्तर मराठवाड्यातल्याच जालन्यात आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले, असे पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. ते चित्रीकरण खरे असल्याचा दाखला अधिकारी देईनात. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 जुलै 2020 च्या निकालाने देशभरासाठी नियम ठरला: मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दाखला हवाच. गोरंट्याल यांनी दाखल्यासाठी होते नव्हते ते सगळे केले होते, म्हणून त्यांच्यापुरती सूट मिळाली. आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हा दाखला दोन भागांत आहे. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी हा आकडा पार बदलतो, म्हणून फेरफार लपत नाही.

आता पतसंस्थांकडे पाहा. बीडची ज्ञानराधा मल्टीस्टेट, छत्रपती संभाजीनगरची आदर्श पतसंस्था. 2023 मध्ये त्यांतल्या ठेवी अडकल्या आणि मराठवाड्यातल्या ठेवीदारांची झोप उडाली. शेत विकून, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा होता तो. अशा प्रकरणात गुन्ह्याची जागा म्हणजे खतावणी, आणि खतावणी आता संगणकात असते. खाते वाचता येणाऱ्याला पुराव्याचा कायदा ठाऊक नाही आणि कायदा जाणणाऱ्याला खाते वाचता येत नाही, या फटीतून आरोपी निसटतात. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. सहकारी पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, म्हणून तो त्यांना लागू नाही. हे वर्गात शिकवले गेले असते तर निदान काही ठेवीदारांच्या घरी नेमका प्रश्न विचारणारे कुणीतरी असते.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो. असे कोर्स विनाअनुदानित निघतात, फी घेतली जाते, प्राध्यापक तासिकेवर, लॅब कागदावर. हे मला मान्य आहे आणि त्याचा मला संताप येतो. पण त्यावर उपाय कोर्स बंद करणे नव्हे, लॅब आणि शिक्षक नसतील तिथे मान्यता न देणे हा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाचे चार क्रेडिट आहेतच. ते कुठल्याही दुकानाच्या शिक्क्यावर मिळू नयेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ते विधी सेवा प्राधिकरणात, सीएच्या कार्यालयात आणि नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत करवून घेण्यासाठी करार करावेत. परीक्षाही तशीच असावी: विद्यार्थ्यापुढे एका पतसंस्थेची खतावणी ठेवावी, बदललेली नोंद त्याने शोधावी, फाइलचा हॅश काढावा आणि कलम 63 चा भाग अ स्वतःच्या हाताने भरून द्यावा.