क्योतोच्या मुलींचा बास्केटबॉल : क्रमवारी नाही, जागा मात्र एकच!



मार्च महिना लागला की अमेरिकेतल्या आपल्या नातेवाईकांना बास्केटबॉलचा ज्वर चढतो. कुठल्या युनिव्हर्सिटीचा नंबर कितवा, कोणाला स्पर्धेत घेतले, कोणाला डावलले यावर फोनवर तावातावाने बोलणे चालते आणि गेल्या काही वर्षांत हे बोलणे मुलींच्या संघांबद्दलही तितक्याच आवेशात होऊ लागले आहे. आवेशाला कारणही आहे. २०२४ साली साउथ कॅरोलायनाने केटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असे हरवले, तो महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते १ कोटी ४८ लाख. असे आधी कधी झाले नव्हते.

मग तिकडून हमखास प्रश्न येतो : "तुमच्या जपानमध्ये मुलींचे कॉलेज बास्केटबॉल कसे आहे? क्योतोचा नंबर कितवा?"

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. दुसरे कारण असे की आपल्या काही घरांतल्या मुली आता शाळेच्या 'बुकात्सू'मध्ये, म्हणजे शाळेच्या क्लबात, बास्केटबॉल खेळतात. त्यातली एखादी नववीत पोचली की पुढची शाळा निवडताना आईवडिलांना या व्यवस्थेचा हिशोब समजलेला बरा.

आधी अमेरिकेची गोष्ट पटकन सांगून टाकू. तिथे दर आठवड्याला पत्रकारांच्या मतांवरून एक क्रमवारी लागते, ती गप्पा मारायला उत्तम. स्पर्धेत कोणाला घ्यायचे ते मात्र एनसीएएची समिती ठरवते आणि त्यासाठी 'नेट' नावाची आकडेमोड हाताशी धरते. महिलांसाठी ती २०२०-२१ च्या मोसमापासून वापरात आली. नुसते किती सामने जिंकले एवढेच त्यात पाहत नाहीत. कोणाविरुद्ध जिंकले, घरच्या मैदानावर की परक्या, प्रत्येक चढाईमागे किती गुण मिळवले, हे सगळे त्यात येते. आपापल्या गटाचे विजेते थेट आत जातात, उरलेल्या जागा समिती वाटते. म्हणजे एखादा संघ मोसमात आठ-दहा सामने हरूनही आत जाऊ शकतो, फक्त हरला कोणाकडून ते चांगले असले पाहिजे!

आता हेही सांगायला हवे की तिकडे मुलींना हा मान आपोआप मिळालेला नाही. २०२१ साली ओरेगॉनची सेडोना प्रिन्स हिने मुलींना व्यायामासाठी दिलेल्या डंबेल्सच्या एका छोट्या रॅकचा आणि रिकाम्या जागेचा व्हिडिओ जगाला दाखवला. पुरुषांना त्याच वेळी अख्खी जिम मिळाली होती. त्यानंतर चौकशी झाली आणि २०२२ मध्ये महिलांची स्पर्धा ६४ संघांवरून पुरुषांइतकी ६८ संघांची झाली. जिंकल्याचा पैसा महिला संघांच्या गटांना मिळू लागला तो तर थेट २०२५ मध्ये.

जपानमध्ये हे गणितच वेगळे आहे. इथे मुलींच्या बास्केटबॉलचा सर्वांत गाजणारा आखाडा युनिव्हर्सिटीचा नसून हायस्कूलचा आहे. जपानी हायस्कूल म्हणजे आपली दहावी ते बारावी, त्यामुळे आपल्या मराठी हिशोबाने त्याला ज्युनियर कॉलेज म्हटले तर फारसे चुकणार नाही. वर्षातून दोन मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा होतात : उन्हाळ्यात 'इंटरहाय' आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोला 'विंटर कप'. क्रमवारी नाही, समिती नाही, आकडेमोड नाही. आपल्या प्रांतात जिंका आणि या. विंटर कपला मुलींचे ६० संघ असतात आणि सगळी बाद फेरी. संगणकवाल्यांना हे लगेच कळेल : ६० संघांतून एक विजेता काढायला ५९ सामने लागतात, कारण ५९ जणांना एकेकदा हरावेच लागते. ही पद्धत पहिला नंबर बिनचूक काढते (म्हणजे त्या दिवशीचा!), पण दुसरा कोण आणि दहावा कोण याबद्दल ती काहीच सांगत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या ताकदीचा संघ पहिल्याच दिवशी विजेत्यासमोर आला तर तो पहिल्याच दिवशी घरी जातो.

आणि हेच दुखणे क्योतोत सर्वांत जास्त जाणवते.

आपल्या साक्यो वॉर्डात, कामो नदीच्या काठाजवळ, योशिदा भागात क्योतो सेइका गाकुएन ही शाळा आहे. आपल्यातले अनेकजण तिथून सायकलने जातात आणि ही जपानमधली मुलींच्या बास्केटबॉलची सर्वांत दबदब्याची शाळा आहे हे त्यांच्या गावीही नसते. २०२१ च्या विंटर कपच्या अंतिम सामन्यात सेइका नागोयाच्या ओका गाकुएनकडून हरली. ओका म्हणजे ही स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकलेली शाळा आणि त्या विजयाने त्यांची सलग तीन जेतेपदे झाली. त्यानंतर मात्र पारडे फिरले. २०२२ मध्ये सेइकाने उन्हाळ्यात इंटरहाय जिंकली आणि डिसेंबरात सप्पोरो यामानोतेला हरवून विंटर कपही घेतला. २०२३ मध्ये गिफु जोशीला हरवले, २०२४ मध्ये कुमामोतोच्या केइसेइला. सलग तीन वर्षे! प्रशिक्षक यामामोतो त्सुनायोशी यांनी कित्येक वर्षे खपून हा संघ उभा केला आहे. २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षे मुलांचा विंटर कप जिंकणारी राकुनान ही शाळाही क्योतोचीच. देवळे, चहा आणि मुरवलेली लोणची एवढ्यावर या शहराची ओळख संपत नाही, हे अमेरिकेतल्या भावंडांना जरूर सांगावे.

पण अभिमानाच्या पलीकडे पाहा. प्रांताला मुळात एकच जागा असते. सेइकासारखा संघ प्रांतात असताना इतर शाळांतल्या मुलींनी टोकियोची आशा धरायची कशी? इथे नियमात एक छान खाच आहे. इंटरहायच्या अंतिम फेरीत पोचलेल्या दोन्ही संघांना विंटर कपची जागा वेगळी मिळते आणि त्यांच्या प्रांताची नेहमीची जागा दुसऱ्या शाळेसाठी मोकळी होते. म्हणजे जूनमध्ये ज्या सेइकाने तुम्हाला धूळ चारली, तिने उन्हाळ्यात अंतिम फेरी गाठावी म्हणून तुम्हीच देव पाण्यात घालून बसायचे! क्योतो र्‍योयोसारख्या शाळेच्या मुलींना शेजारणीच्या जिंकण्यात स्वतःचा फायदा दिसावा, अशी ही व्यवस्था. आम्हाला ती अमेरिकन आकडेमोडीपेक्षा जास्त माणसाळलेली वाटते, पण न्याय्य वाटत नाही. लोकसंख्येने लहान आणि खेळात कच्च्या प्रांतालाही एक जागा आणि क्योतोलाही एकच. देशभर खेळ पसरावा म्हणून हे ठीक आहे. क्योतोतल्या पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र त्याने काही समाधान मिळत नाही.

परदेशी मुलींचा विषयही याच ओघात येतो. सेइकाच्या उदयात नायजेरियाहून शिकायला आलेल्या इसोजे उचेचा मोठा वाटा होता, पुढे ती शॅन्सनच्या व्यावसायिक संघात गेली. हायस्कूलच्या सामन्यात परदेशातून आलेली विद्यार्थिनी एका वेळी मैदानावर एकच ठेवता येते. उंच मुली बाहेरून आणून शाळा जिंकतात, अशी कुरकुर जपानी पालकांत ऐकू येते. आमचे मत विचाराल तर त्या उंच मुलीविरुद्ध रोज सरावात खेळूनच बाकीच्या जपानी मुली तयार होतात. आपल्या मुलींचे काय? ज्यांची लेक इथेच लहानाची मोठी झाली आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, त्यांनी ती नियमात कशी मोजली जाईल हे हायस्कूल निवडण्यापूर्वीच प्रशिक्षकांना स्पष्ट विचारून घ्यावे. प्रवेश झाल्यावर विचारण्याचा हा प्रश्न नव्हे.

दुसरा हिशोब वेळेचा आहे आणि आपल्या घरांत तोच जास्त वाद घालतो. साध्या सरकारी हायस्कूलच्या बारावीच्या मुली मे-जूनमध्ये इंटरहायची प्रांतिक फेरी हरल्या की खेळातून 'निवृत्त' होतात. अठराव्या वर्षी निवृत्ती, शब्दही तोच वापरतात! मग अभ्यास, कारण युनिव्हर्सिटीची सामायिक परीक्षा जानेवारीच्या मध्यात असते. विंटर कप २३ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे टोकियोचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीने परीक्षेच्या तीन आठवडे आधीपर्यंत रोज सराव करायचा. तिला सामायिक परीक्षेतून चांगला नंबर काढता येईल का? एखादीला येईलही. बहुतेकींचा रस्ता वेगळा असतो : खेळाच्या शिफारशीवर प्रवेश, नाहीतर थेट कंपनीचा संघ.

आणि इथेच अमेरिकेशी असलेला सर्वांत मोठा फरक आहे. तिकडे मुलींचा सर्वोच्च शालेय खेळ युनिव्हर्सिटीत होतो. इथे उत्तम मुली अठराव्या वर्षी युनिव्हर्सिटी टाळून एनिऑस, फुजित्सू, टोयोटा, डेन्सो यांच्या संघांत जातात. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध १८ असिस्ट देणारी माचिदा रुई सप्पोरो यामानोतेमधून थेट फुजित्सूत गेली होती. अगदी अलीकडची तानाका कोकोरो ओका गाकुएनमधून थेट एनिऑसमध्ये गेली आणि २०२५ च्या आशिया कपच्या उपांत्य सामन्यात चीनला हरवताना तिने २७ गुण काढले. त्यामुळे 'इनकारे', म्हणजे जपानी युनिव्हर्सिट्यांची राष्ट्रीय स्पर्धा, महिलांच्या बाबतीत थोडी झाकोळलेलीच राहते. तिथेही क्रमवारी नाही. शरद ऋतूत विभागीय लीग होते आणि विभागाला ठरावीक जागा मिळतात. क्योतोच्या रित्सुमेइकान आणि क्योतो सांग्योचे संघ कन्साई विभागात खेळतात, पण वजन कान्तोचे. टोकियो हेल्थकेअर युनिव्हर्सिटीने २०१७ ते २०२१ अशी सलग पाच वर्षे ही स्पर्धा जिंकली आणि तिथले प्रशिक्षक ओंझुका तोरू पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

तरीही युनिव्हर्सिटीला कमी लेखू नये. २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटची पंधरा सेकंदे उरली असताना तीन गुणांचा तो प्रसिद्ध चेंडू टाकणारी हायाशी साकी हाकुओ युनिव्हर्सिटीची पदवीधर आहे. जपान ८६-८५ असा जिंकला आणि पुढे रौप्यपदकापर्यंत गेला. तशीच मोतोहाशी नाको वासेदाची. शिक्षणही पूर्ण, पदकाच्या रांगेतही जागा! आपल्या मराठी आईबापांना पटेल असा रस्ता आहे तर तो हाच आणि आम्हाला वाटते की आपल्या मुलींनी याच्याकडेच जास्त बारकाईने पाहावे. सेइकाच्या बाकावर तीन वर्षे बसण्यापेक्षा मधल्या शाळेत पाचांत खेळून पुढे कन्साई लीगच्या एखाद्या युनिव्हर्सिटीत शिफारशीने जाणे, यात खेळणेही जास्त आणि शिकणेही जास्त.

भारतातही युनिव्हर्सिट्यांची पद्धत बरीचशी अशीच आहे. चार विभाग, प्रत्येकातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. पुणे, मुंबईच्या संघांना पश्चिम विभागातून वाट काढावी लागते आणि पुढे गाठ पडते ती दक्षिणेकडच्या तगड्या संघांशी. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद भूषवले, पण अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच. २०२१ च्या आशिया कपमध्ये जपानने भारताला १३६-४६ असे हरवले होते. आपल्या उंचीत आणि जपानी मुलींच्या उंचीत काही हाताचा फरक नाही, मग नव्वद गुणांचा फरक आला कुठून? तो रोजच्या बुकात्सूतून आला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि नेमकी हीच बुकात्सू आता बदलते आहे. शिक्षकांवरचा भार कमी करण्यासाठी माध्यमिक शाळांचे क्लब स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे काम सरकारने २०२३ पासून सुट्टीच्या दिवसांपासून सुरू केले. त्याच वर्षापासून स्थानिक क्लबांनाही माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. शेजारच्या कोबेने तर २०२६ मध्ये शाळेचे क्लब पूर्ण बंद करून त्या जागी स्थानिक क्लब आणण्याचे ठरवले. शिक्षकांच्या बाजूने पाहता हे योग्यच आहे. पण शाळेचा क्लब जवळजवळ फुकट असतो आणि चालत जाण्याच्या अंतरावर असतो. स्थानिक क्लब म्हटला की वर्गणी आली, ने-आण आली आणि चौकशी करायला जपानी वाचता येणारे कुणीतरी घरात हवे. नुकत्याच आलेल्या कुटुंबातली मुलगी शाळेच्या क्लबात नुसती मैत्रिणीच्या मागून गेली तरी खेळू लागत असे. पुढे तसे होणार नाही.

ज्यांच्या मुली माध्यमिक शाळेत आहेत त्यांनी शाळेतून आलेला बुकात्सूबद्दलचा प्रत्येक कागद नीट वाचावा. वाचता आला नाही तर मंडळातल्या जपानी येणाऱ्या कुणालाही बिनधास्त दाखवावा. आणि विंटर कपच्या क्योतोतल्या फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शनिवार-रविवारी होतात, तेव्हा मुलींना घेऊन एखादा सामना पाहायला जरूर जावे. सेइकाचाच पाहिला पाहिजे असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरसाठी झुंजणाऱ्या दोन शाळांचा असला तर उत्तमच.