युरोपात शिकायला जाताना: कागद, तारण आणि शिफारसपत्र

युरोपात शिकायला जाण्याची तयारी कशी करावी, हे सांगणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही. कुकर कोणता न्यावा, थंडीचं जॅकेट इथून घ्यावं की तिथून, मसाले किती किलो बांधावेत, सगळं त्यात असतं. हे सांगणारे बहुतेक जण अशा घरांतले असतात, जिथे आधी एखादा मामा किंवा चुलत भाऊ जाऊन आलेला असतो. आपल्या घरात पदवीच पहिल्यांदा आलेली असते. त्यामुळे आपली तयारी वेगळी आहे आणि ती किमान दीड-दोन वर्षं आधी सुरू करावी लागते.

मी जर्मनीत एम.ए. करून परत आलो त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून दरवर्षी आपल्या मुलामुलींचे अर्ज वाचतो. ते नांदेड-वर्ध्याहून येतात, तसे हैदराबाद आणि दिल्लीतल्या विद्यापीठांतूनही येतात. बुद्धी कमी पडली म्हणून अडलेला अर्ज मी क्वचित पाहिला. अडतं ते पैसा दाखवण्यात, कागद जुळण्यात आणि शिफारस मिळण्यात. मेरिटच्या गप्पा मारणारे या तिन्ही गोष्टींबद्दल कधीच बोलत नाहीत.

आधी पैशाचं बघू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. 'फुकट शिक्षण' ऐकून मुलं हुरळतात आणि मग व्हिसाच्या यादीत ब्लॉक्ड अकाउंट दिसतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १२ लाख रुपये. पैसे आपलेच राहतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात. पण एकरकमी १२ लाख आणायचे कुठून?

सरकारी बँकेत गेलात तर साधारण साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. त्यापुढे मालमत्ता मागतात. वस्तीतल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बँकेच्या वकिलाला सहसा पुरत नाही. गायरानावरचं घर, झोपडपट्टीतली खोली तर हिशोबातच नसते. बँक जात विचारत नाही, तारण विचारते. आणि तारण म्हणजे आजोबांच्या नावावर काय होतं, याचा दाखला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या जमीन धरू दिली नाही, त्यांच्या नातवाला विचारायचं की सातबारा कुठे आहे!

म्हणून आपल्या मुलांनी आधी शिष्यवृत्ती आणि मग शहर, या क्रमाने शोध घ्यावा असं मी सांगतो. इरास्मस मुंडसची संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात, फी भरावी लागत नाही, आणि किमान दोन देशांत शिकता येतं. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत कागद तयार हवेत. शहरातल्या 'मोफत' सल्ला केंद्रात हे सहसा कळत नाही. त्यांची कमाई खाजगी विद्यापीठांच्या कमिशनवर असते. ज्या सरकारी विद्यापीठाकडून त्यांना काही मिळत नाही, त्याचं नाव ते का घेतील?

आता कागद. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. दहावीच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेलं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. आपल्या अनेक घरांत तर आडनावच बदललेलं असतं, कारण जुन्या आडनावावरून गावात काय ऐकावं लागायचं ते वडिलांना माहीत होतं. मग जातीचा दाखला जुन्या आडनावाचा आणि पदवी नव्या. हे सगळं राजपत्रात नाव प्रसिद्ध करून, प्रतिज्ञापत्र जोडून जुळवायला महिने लागतात. जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला यांचे हेलपाटे वेगळेच. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं झालं आहे, त्याची फी १८,००० रुपये. घरात मजुरीवर महिना निघत असेल तर ही रक्कम किती मोठी आहे, ते आपल्याला कुणी सांगायला नको. त्यामुळे पासपोर्ट पदवीच्या दुसऱ्या वर्षातच काढा आणि सगळ्या कागदांवरची नावं एका जागी लिहून तपासा.

शिफारसपत्राची गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे कुठल्याही कार्यालयात तक्रार करता येत नाही. युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांना पत्र प्राध्यापकाने स्वतः, संस्थेच्या ई-मेलवरून पाठवलेलं हवं असतं. तालुक्याच्या कॉलेजात असा ई-मेल अनेकदा नसतोच. माझ्या वेळी एका सरांनी 'तूच लिहून आण, सही करतो' म्हणून विषय संपवला होता. त्याच विभागातल्या दुसऱ्या मुलासाठी त्यांनी दोन पानं स्वतः टाईप केली. त्याच्या वडिलांशी त्यांचं घरी येणंजाणं होतं. यात नियम कुणीच मोडला नाही. शिफारस ओळखीवर चालते, आणि ओळखी जातीच्या रेषेवरच तयार होतात.

यावर माझ्याकडे एकच व्यवहारी उपाय आहे. आपल्यातले जे आज प्राध्यापक आहेत, संशोधक आहेत, त्यांनी पहिल्या वर्षापासून दोन-चार विद्यार्थी धरावेत. त्यांचे निबंध वाचावेत, चुका दाखवाव्यात. पत्रात 'मेहनती आणि प्रामाणिक आहे' याच्यापुढे लिहायला काही हवं असेल, तर मुलाचं काम आधी पाहिलेलं हवं.

राहिलं सरकार. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज योजनेत देशभरासाठी १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२ मध्ये नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन जाता येणार नाही. म्हणजे ज्यांनी जात भोगली, त्यांनी परदेशात जातीचा अभ्यास करायचा नाही. २०२५ मध्ये १०६ जण निवडले गेले आणि सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं मिळाली. बाकीच्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. तिकडे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, विद्यापीठ कुणासाठी थांबत नाही.

बाबासाहेबांना १९१३ मध्ये बडोद्याकडून महिन्याला साडेअकरा पौंड मिळत होते. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज यावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. तेव्हा एका संस्थानाचा प्रश्न होता. आज प्रजासत्ताक आहे, अर्थसंकल्प आहे, स्वतंत्र मंत्रालय आहे, आणि तरीही मुलगा प्रवेशपत्र हातात धरून निधीची वाट पाहतो. निवडयादी मार्चअखेर लागली पाहिजे आणि निवड झाली की पैशाची हमी त्याच पत्रात असली पाहिजे. विषयांवरची बंदी तर बिनशर्त उठली पाहिजे.

तिथे पोचल्यावर जात सुटते, असंही समजू नका. खोली शोधणाऱ्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप गटात 'फक्त शाकाहारी' आणि 'पूर्ण नाव काय' हे दोन्ही भेटतील. ब्रिटनमध्ये समानता कायद्यात जातीचा समावेश करावा असं संसदेने २०१३ मध्ये ठरवलं होतं, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने ते करायला नकार दिला. म्हणून प्रवेशपत्र आल्या दिवशीच विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाका. जर्मनीत श्टुडिएरेंडनवेर्क आणि फ्रान्समध्ये क्रूस या सार्वजनिक संस्था ती चालवतात, तिथे तुमचं आडनाव कुणाला कळत नाही. आणखी एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते: जर्मनीत विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा वयाच्या तिशीपर्यंतच घेता येतो. स्पर्धा परीक्षांत चार-पाच वर्षं गेलेल्या आपल्या मुलांनी हा खर्च आधीच धरावा.

जे जाऊन आलेत, त्यांना एक विनंती. तुमचा मंजूर झालेला अर्ज, तुमचं उद्देशपत्र, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, नाव दुरुस्तीचा नमुना, हे सगळं जपून ठेवा आणि मागेल त्या धाकट्या भावाबहिणीला द्या. सवर्ण घरांत ही फाईल जेवणाच्या टेबलावर मिळते. आपल्याकडे ती वस्तीतल्या वाचनालयात, वसतिगृहाच्या खोलीत, विहाराच्या कपाटात मिळाली पाहिजे.

जय भीम.