मोठा पैलवान कोण?



सध्या हळदीची काढणी आणि शिजवणी चालू आहे, आणि त्यातच यात्रांचे दिवस. हिंगोली, औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव, कुठेही जा, पारावर एक वाद हमखास ऐकू येतो : सगळ्यांत मोठा पैलवान कोण? म्हातारी मंडळी मारुती माने यांचे नाव घेतात, कुणी गणपतराव आंदळकर म्हणतो, तर पोरांच्या तोंडी परवा गदा मारलेल्याचे नाव. वाद चांगला आहे, पण तो बहुधा चुकीच्या मापाने होतो.

आपण दोन वाणांची तुलना करतो तेव्हा काय पाहतो? जमीन एक, पेरणीची तारीख एक, खत-पाणी एक. विहिरीखालच्या काळ्या रानातला हरभरा आणि मुरमाड माळावरचा हरभरा शेजारी ठेवून 'हा वाण सरस' असे कोणी शहाणा शेतकरी म्हणणार नाही. पैलवानाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच करतो. शंभर किलोचा गडी आणि सत्तावन्न किलोचा गडी एकाच तागडीत घालतो आणि जड तो मोठा असे ठरवून मोकळे होतो.

मुष्टियुद्धवाल्यांचे या बाबतीत बरे आहे. त्यांच्यात १६८ पौंडांचा, म्हणजे सुमारे ७६ किलोचा एक गट आहे. वेल्सचा जो कॅल्झागी सगळ्या कारकीर्दीत ४६ लढती लढला, एकही हरला नाही. अमेरिकेचा आंद्रे वॉर्ड ३२ लढला, तोही अजिंक्य. मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझने २०२१ साली त्या गटाचे चारही किताब एकत्र केले, पण हार त्याने पाहिलेली आहे. पहिला कोण यावर तिकडे हातघाईवर येतात म्हणे. पण त्या वादात शंभर किलोचा गडी कोणी ओढून आणत नाही.

तर त्याच रीतीने आपण महाराष्ट्राचे पाहू. माझी मापे दोन : वजन कोणते, आणि समोर कोण होते.

हलक्या गटात वादच नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या गड्याला गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. पुढच्या वेळी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालची ही रक्कम आहे, हे लक्षात घ्या. त्या घराच्या जोरावर खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. देशाला दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला तर थेट २०२४, तेही नेमबाजीत. असा हा माणूस १९८४ साली रस्ता-अपघातात गेला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. महाराष्ट्र केसरीचा किताब आज ८६ ते १२५ किलोच्या गटात खेळवला जातो. म्हणजे खाशाबा आज असते तर त्या गदेसाठी त्यांना उभेसुद्धा राहता आले नसते!

जड गटात श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी, १९५९ चे. पण माझ्या यादीत त्यांच्या वर आंदळकर आणि माने, कारण दोघांनीही १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणले. परक्या देशात, परक्या पंचांपुढे. दोघांत वर कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी आंदळकरांकडे झुकतो.

मधला गट सर्वांत कठीण, आणि आपल्या मराठवाड्याचा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८२ किलो गटात सुवर्ण घेऊन आले. पुढे त्यांनी सतपालसारख्या भारी गड्यालाही लोळवले. दुसरा मुंबईचा नरसिंग यादव : ७४ किलो, २०१० साली राष्ट्रकुल सुवर्ण, २०११ ते २०१३ ओळीने तीनदा महाराष्ट्र केसरी आणि २०१५ साली जागतिक स्पर्धेत कांस्य. नुसती पदके तोलली तर नरसिंग वर बसतो, कारण जागतिक स्पर्धेत समोर रशिया-इराणचे गडी असतात. पण २०१६ साली उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. अन्नात कोणी तरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय लवादाने ते मानले नाही.

मी बिराजदारांना पहिले धरतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे. बियाण्याची परीक्षा पुढच्या हंगामात होते. बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचाच चेला. २०१८ साली त्याने राष्ट्रकुलचे सुवर्ण घेतले, २०१९ साली जागतिक कांस्य. पहिले ५७ किलोत, दुसरे ६१ किलोत. पुन्हा हलकाच गडी!

हे सगळे लिहिण्याचे कारण तुमच्या घरातले आहे. पोरगा अंगाने बारीक म्हणून त्याला तालमीतून परत आणणारे बाप मी पाहतो. दुसरे त्याला फुगवण्यासाठी डब्यातल्या भुकट्या आणि सुयांवर शेतमालाचा पैसा घालतात. सुई तर मुळीच नको. दूध, शेंगदाणे, भिजवलेला हरभरा, भाकरी आणि उसळ हा खुराक घरातच आहे, आणि ५७ किलोच्या पोराला तो पुरतो. मुलींनाही हेच लागू. २०२३ साली सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ते वाचलेच असेल.

आपल्या यात्रेत पंच जोड नजरेने लावतात आणि रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून चढत्या क्रमाने लावतात, म्हणजे वजनाची जाण आपल्याला आहे. मग मोठे इनाम फक्त शेवटच्या जड जोडीलाच का? यात्रा समितीने यंदा एवढे करावे : हळदीचा काटा आखाड्याशेजारी आणून ठेवावा, पोरांची वजने करून वहीत नोंदवावीत, आणि ६० किलोच्या आतल्या शेवटच्या कुस्तीचे इनाम आधीच पुकारावे.

पुढील अंकी : हळद वाळवणीतील काळजी.